कापूस, हातमोजे आणि काकांच्या पिशव्या

मंगळवार. बऱ्याच महिन्यांनी इथे लिहितेय, क्षमा असावी.

तुम्हाला ठाऊक आहे, मी अमरावतीत एका दवाखान्यात विम्याची बिलं बनवते. आज दर्यापूरहून एक काका-काकू आले. काकांचं आतड्याचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे मल जमा व्हायला पोटावर पिशवी लावावी लागते. या पिशव्या विम्यात बसत नाहीत, असं मीच त्यांना दोन महिन्यांपूर्वी सांगितलं होतं.

"म्हनून एकच पिशवी धुऊन धुऊन वापरून राहिले," काकू म्हणाल्या. "कातडं सोललं पाहा. पुतनीच्या लग्नाले बी नाही गेले."

"वासानं पंगत उठून गेली असती ना बाप्पा," काका हसले.

मी जुनी फाईल उघडली. पिशव्या मी सवयीने कापूस-हातमोज्यांच्या कोडखाली टाकल्या होत्या, आणि तो कोड विमा कंपनी सरसकट नाकारते. पिशव्यांचा कोड वेगळा आहे. तो त्यांच्या पॉलिसीत बसतो.

"सिस्टममध्ये गडबड होती. आता काम होईल," मी म्हणाले.

काकांनी हात जोडले. "तुमी पाह्यलं म्हनून झालं, मॅडम. नाहीतर आमच्याकडे कोन पाह्यते?"

मी ते हात जोडू दिले. घरी आल्यापासून तेच डोळ्यांसमोर आहे. नवा क्लेम पाठवलाय, पण तेवढ्याने भागत नाही. तुम्ही कधी आपली चूक यंत्रावर ढकलून वर आभार घेतलेत का?

उद्या: दर्यापूरला फोन करून काकांना सांगायचं की चूक सिस्टमची नव्हती, माझी होती.