दोराच्या सहा गाठी

पाणबुड्याच्या सिलिंडरवर बोटाच्या पेरानं टकटक करून उस्ताद विचारायचे, "याच्यात काय हाये?"

हवा म्हटलं तरी चूक. त्यावरच्या चिठ्ठीवरचे ऑक्सिजनचे टक्के वाचून दाखवले तरी चूक. "मले माहीत नाई, मोजतो," एवढं एकच उत्तर त्यांना चालायचं. एका लग्नात मठ्ठ्याच्या पिंपावर टकटक करून त्यांनी वाढप्याला हाच प्रश्न विचारला होता. तो बिचारा घाबरून आचाऱ्याला बोलवायला गेला.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आमच्या धरणावर पाणबुडे तयार करायचं ठरलं, तेव्हा खात्यानं त्यांना कंत्राटावर आणलं. नौदलातून निवृत्त झालेला, वर्धा जिल्ह्यातल्या तळेगावकडच्या एका खेड्यातला माणूस. नौदलातल्या सवयीनं आम्ही सगळे त्यांना उस्ताद म्हणायचो. मी धरणावर पाण्याची पातळी वाचून वहीत लिहायचो. पोहता येतं एवढ्या गुन्ह्यासाठी माझं नाव यादीत गेलं. मी मुळात भित्रा. तुम्ही त्या धरणाचं पाणी पाहिलं असतं तर मला हसला नसता. दोन हातांखाली आपलीच बोटं दिसत नसत.

उस्तादांनी माझी भीती पहिल्याच दिवशी ओळखली आणि पाणबुड्याच्या कमरेला बांधतात तो दोर माझ्या हातात दिला. "तू वरतच बस. भेणारा मानूस दोर चांगला धरते."

शिकवायचे मात्र सगळ्यांना सारखं. खोल गेलं की साध्या हवेतला नायट्रोजन डोक्यात चढतो. "मोहाची चढल्यावानी. मंग मानूस मासोळीले सलाम ठोकते." म्हणून सिलिंडरमध्ये, आमच्या भाषेत बाटलीत, ऑक्सिजन थोडा वाढवायचा. पण तोही बेतानं, कारण तीस मीटरवर दाब चौपट होतो आणि जास्तीचा ऑक्सिजन तिथं विष होतो. आधी तोंड फडफडतं, मग झटके येतात. पाण्यात झटका आला की नळी तोंडातून सुटते आणि खेळ खलास. हे सांगताना ते हसत नसत. "भाजीत मीठ पाह्यजेच. पन मूठभर टाकलं तं कुत्रं तरी खाईन का?"

आणि त्यांचा नियम असा, की ज्याला ती हवा ओढायची आहे त्यानंच ती मोजायची. ऑक्सिजन मोजायचं यंत्र हातात मावेल एवढं होतं. बाप मोजून देत असला तरी घ्यायचं नाही, म्हणायचे.

त्या वर्षी माझे वडील वर्ध्याला दवाखान्यात होते. काळेनिळे पडलेले वडील ऑक्सिजन लावल्यावर तासाभरात माणसात आले आणि त्यांनी चहा मागितला. मी ते डोळ्यांनी पाहिलं. इकडे उस्ताद पन्नाशी ओलांडलेले. पाण्यातून वर आले की नावेत डोळे मिटून बसायचे, चेहरा राखेसारखा. मला ते बघवत नसे.

बाटल्या भरायचं काम तोवर माझ्याकडे आलं होतं. एका सकाळी धरणाच्या दरवाजाजवळ दहा मीटरवर काम होतं. मी कागदावर हिशेब केला. दहा मीटरला निम्मा ऑक्सिजन असला तरी धोका नाही. म्हटलं, तेवढंच त्यांना बरं वाटेल. मी त्यांच्या बाटलीत ऑक्सिजन जास्त भरला आणि चिठ्ठीवर नेहमीचे बत्तीस टक्के लिहिले. खरं लिहिलं असतं तर त्यांनी बाटली रिकामी करून मला पुन्हा भरायला लावली असती.

खात्याचे साहेब काठावर घाई करत होते. उस्तादांनी यंत्र उचललं.

"मोजलं मी, उस्ताद. बत्तीस."

ते क्षणभर थांबले. माझ्याकडे पाहिलं आणि यंत्र खाली ठेवलं. कुणाच्या शब्दावर त्यांनी असं केल्याचं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मला बरं वाटलं, हेही सांगून टाकतो.

दोराला दर पाच मीटरला गाठ होती. दोन गाठी हातातून गेल्या आणि दोर थांबला. मी निवांत झालो. थोड्या वेळानं दोर पुन्हा सरकू लागला. तिसरी गाठ गेली. दरवाजात अडकलेलं काही चाचपत ते आणखी खाली निघाले असणार. बत्तीसच्या भरवशावर माणूस तीस मीटरपर्यंत बेधडक जाऊ शकतो, हे त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं.

चौथी गाठ. मी चार हिसके दिले. चार म्हणजे वर या. खालून एक हिसका आला. एक म्हणजे ठीक आहे. पाचवी गाठ गेली. मी पुन्हा चार हिसके दिले. उत्तर आलं नाही आणि सहावी गाठ माझ्या बोटांमधून निघून गेली.

मी ओरडलो, "ओढा!" नावेतल्या आम्ही तिघांनी मिळून ओढलं. दोर जड लागत होता. मी आयुष्यात इतका कधी घाबरलो नव्हतो.

ते वर आले तेव्हा नळी दातांत होती आणि डावा गाल आपोआप उडत होता. नावेच्या तळाशी पडून ते आभाळाकडे बघत राहिले. काठाला लागल्यावर साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "वेळेवर ओढलंस. तू होतास म्हणून." मी दोर गुंडाळत राहिलो.

दुपारी उस्ताद शेडमध्ये गेले. मी दारात उभा होतो. त्यांनी बाटलीत उरलेली हवा मोजली. अठ्ठेचाळीस. मग बाटली उघडून सगळी हवा सोडून दिली.

"किती मीटरचा हिशेब केलता?"

"दहा."

"दहाले बरोबर हाये," ते म्हणाले. "पन काऊन?"

मी वडिलांचं सांगितलं. तुमचा चेहरा बघवत नाही, तेही सांगितलं. त्यांनी बराच वेळ यंत्र फडक्यानं पुसलं. "माया येत होती तं चहा पाजाचा रे."

नोंदवहीत त्यांनी लिहिलं: 'मी स्वतः मोजलं नाही. चूक माझी.' आणि सही केली. माझं नाव कुठंच नव्हतं. डॉक्टरांनी त्यांना पाण्यात उतरायला मनाई केली, कंत्राट संपलं आणि ते गावी गेले. खरं सांगायला मी रोज साहेबांकडे निघायचो, पण पोचलो कधीच नाही. मी नोकरीत राहिलो.

सहा-सात वर्षांनी ते वारल्याचं कळलं. मी त्यांच्या घरी गेलो तो सगळं सांगायचंच असं ठरवून. त्यांच्या बायकोनं नाव विचारलं. मी सांगताच ती उभी राहिली, पदर सावरला.

"तुमीच का ते दोर धरनारे? हे सदा सांगत. म्हनत, वरत तो नसता तं मी त्याच दिवशी गेलो असतो."

तिनं पोराला हाक मारून माझ्या पाया पडायला लावलं. मी त्याला थांबवू शकलो नाही. मग तिनं ताट मांडलं, म्हणाली, "जेवल्याशिवाय जाऊ नोका."

ती समोर बसून वाढत होती. मी जेवलो.