नक्षी मला कळत होती

ही गोष्ट मी इतकी वर्षं टाळली. विचारणारे होते, मीच विषय बदलत आलो. गेल्या महिन्यात नरसय्याच्या मुलीचा फोन आला, "काका, नाना गेले. शोकसभेत तुम्हीच बोला, तुमच्याइतकं त्यांना कोण ओळखतं?" बोललो. कसबी कारागीर, परखड माणूस, वगैरे... खरं ते तेवढं सांगायचं राहिलं.

आणीबाणीच्या वर्षी मी सोलापुरात विणकरांच्या एका सोसायटीचा सेक्रेटरी होतो आणि नरसय्या आमचा नक्षीकार. मागावर चढणारं प्रत्येक फूल तो आधी ग्राफपेपरवर उतरवायचा, काळ्या-तांबड्या चौकटी भरून. त्या सुमारास एका परदेशी व्यापाऱ्याची टॉवेलांची मोठी मागणी आली. अट एकच: पाच वर्षं सगळ्या मागांवर फक्त त्यांची नक्षी. देशाला परकीय चलन हवं होतं, निम्मे माग बंद होते, चेअरमनना सहीची घाई होती. भर सभेत नरसय्या उठला.

"गोरा साहेब गेला म्हणून झेंडा लावला न्हवं आपण? मग टॉवेलावरचं फूल बी त्येनंच ठरवायचं व्हय? सभासदांचं मत घ्या की."

"फुलानं पोट भरतंय व्हय रे?" मागून कुणीतरी ओरडलं.

"न्हाय भरत. पर उद्या त्यो दुसऱ्या देशात गेला, तर तुमच्या हातात काय ऱ्हाईल?"

लोक हसले, पण हात वर होऊ लागले. चेअरमननी सभाच तहकूब केली.

चार दिवसांनी पोलीस त्याच्या घरी गेले, आणि सोसायटीचा माणूस म्हणून मला बरोबर नेलं. घरात परदेशी तिकिटांची पाकिटं सापडली. सोसायटीला आलेली त्या व्यापाऱ्याचीच पत्रं ती. त्यातले नक्षीचे नमुने बघायला मीच त्याला गुपचूप दिलेली. शिवाय ग्राफपेपरच्या गुंडाळ्या. फौजदारांनी एक उलगडली. "या खुणा कसल्या? बाहेर काय कळवतोस?" त्या दिवसांत परकीय हात सगळ्यांनाच सगळीकडे दिसत होता. नरसय्याला हसू आवरेना. "साहेब, मोर हाय त्यो. लांब धरून बगा. सेक्रेटरींना इचारा की!"

फौजदार माझ्याकडे वळले. मला मोर दिसत होता, चोचीपासून पिसाऱ्यापर्यंत. पण पत्रं कुणी दिली हेही मग निघालं असतं, आणि निघताना चेअरमन म्हणाले होते, "तुमची मुलं लहान आहेत, सेक्रेटरी."

मी म्हणालो, "मला त्यातलं कळत नाही."

त्याला धरून नेलं, तो निवडणुका जाहीर झाल्यावरच सुटला. तोवर करारावर माझी सही झाली होती, मत कुणी घेतलंच नाही. पुढं तो व्यापारी स्वस्त देश शोधून निघून गेला आणि माग पुन्हा थंड पडले. नरसय्याचं घर माझ्याच गल्लीत, तोंडावर. रोज सकाळी हाक यायची, "काय सेक्रेटरी, च्या झाला का?" एकदा तरी त्यानं शिवी द्यावी असं वाटायचं. गल्ली सोडून लांब, जुळे सोलापूरच्या नव्या वस्तीत फ्लॅट घ्यावा म्हटलं, तर बायकोला कारण काय सांगणार? पन्नास वर्षं त्या हाकेला मी "झाला" म्हणत राहिलो.

शेवटचा भेटलो तेव्हा तो अंथरुणाला खिळलेला. मुलगी आत गेल्यावर त्यानं माझा हात धरला. "लई वर्सं झाली, तुमी काय तरी सांगायला येताव आन् तसंच जाताव. आज बोला."

मी विचारलं, "गोळ्या वेळेवर घेता ना?"

माझा हात सोडून तो म्हणाला, "घेतो की."