आईचा षड्ज आणि बाबांचे पाईप

माझे वडील, श्रीनिवास गद्रे, पिंपरीच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. रेघ अशी मारायची की खोडरबराला काम पडू नये, हा त्यांचा अभिमान. भिंतीवर फोटोसाठी खिळा ठोकायचा तरी आधी पट्टी, मग पेन्सिल, मग पुन्हा पट्टी. तोवर आईने तो फोटो कपाटावर टेकवून ठेवलेला असायचा. आई, म्हणजे सुनीती गद्रे, शाळेत गणित शिकवायची आणि संध्याकाळी गायची. गणित पोटासाठी, गाणं स्वतःसाठी. जीभ मात्र दोन्हीकडे सारखीच धारदार.

ऐंशीच्या दशकातलं कोथरूड ते. आमच्या सोसायटीमागे अजून ज्वारी उभी असायची आणि डेक्कनवरचे रिक्षावाले “एवढ्या लांब?” म्हणून तोंड फिरवायचे. (अजूनही फिरवतात, आता कारण सांगत नाहीत एवढंच.) सगळ्यांच्या खिडक्या उघड्या असायच्या, त्यामुळे कोणाकडे भांडण आहे आणि कोणाकडे पाहुणे, हे न विचारता कळे. आमच्याकडे संध्याकाळी गाणं असे. दिवेलागणीला तानपुरा जुळायला लागला की मला घर भरल्यासारखं वाटायचं. तसं भरलेलं घर मला पुन्हा कुठे मिळालं नाही, माझ्या स्वतःच्या घरातसुद्धा.

मग एका वर्षी आईने गाणं थांबवलं. “बोट दुखतं, तानपुरा छेडवत नाही,” म्हणाली आणि तो खोळीत घालून कोपऱ्यात उभा केला. डॉक्टरांनी बोट पाहिलं, मलम दिलं. बोट बरं झालं की नाही कळलं नाही, कारण विचारणाऱ्याला उत्तर मिळायचं, “माझं बोट आहे, मी बघीन.”

बाबांना रागातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण आई गात नाही म्हटल्यावर ते ऑफिसातून येऊन नुसतेच चपला काढून बसायचे. शेवटी एकदा म्हणाले, “एकदाच तानपुरा छेड. मी टेप करतो. मग बोटाचा प्रश्नच नाही.”

टेप झाला. आमच्या छोट्या टेपरेकॉर्डरवर लावला. आईने दोन मिनिटं ऐकला. “हा डास आहे. मच्छरदाणी लावून गायला बसू का?”

बाबांना कोणी एवढं ढोबळ आव्हान दिलं की संपलंच. ते रेडिओ-स्पीकरच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत गेले आणि फुल रेंज स्पीकरची जोडी घेऊन आले. एकच पडदा, जाड आणि बारीक, सगळे आवाज त्याच्याकडूनच काढून घ्यायचे. आधी प्लायवुडची खोकी केली. ती तानपुऱ्यापेक्षा स्वतःच जास्त वाजायची. “फळी म्हटली की थरथरणारच,” बाबा म्हणाले. “गोलाला सपाट बाजूच नसते.” आणि शेजारच्या बांधकामावरून त्यांनी सहा इंची पीव्हीसी पाईप उचलून आणला.

“संडासाच्या पायपातून मी षड्ज ऐकायचा?” आई.

“नवा आहे.”

“उपकार झाले.”

पण बाबांच्या मनात जे होतं ते साधं नव्हतं. रिकाम्या बाटलीवर फुंकर घातली की ती आपला एकच सूर धरते. नळीचंही तसंच, जेवढी लांब तेवढा खालचा सूर. स्पीकर करणारे लोक हा घुमणारा सूर मारायला धडपडतात. बाबांनी उलटं केलं. आईचा षड्ज काळी पाचचा, म्हणजे पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीचा, म्हणून त्यांनी नळ्या बरोबर त्याच सुरात घुमतील अशा कापल्या. एका तोंडाला स्पीकर बसवला, आत जुन्या गादीतला थोडा कापूस भरला, आणि खालचं तोंड उघडं ठेवून नळी तीन लाकडी पायांवर उभी केली. मैफलीत गायकाच्या मागे दोन तानपुरे असतात, तशा त्या दोन नळ्या आईच्या सतरंजीमागे उभ्या राहिल्या. त्यांच्यावर बातम्या लावल्या तर निवेदक पिंपात पडल्यासारखा वाटायचा. तानपुऱ्याचा टेप लावला आणि आईचा हात आपोआप मांडीवर आला.

ती गायला बसली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, मला रडू येत होतं. खालचे सूर जुनेच होते, घोटीव. मग ती वर गेली आणि तार षड्जाला आवाज चिरकला. पुन्हा गेली, पुन्हा चिरकला. तिसऱ्यांदा गेलीच नाही.

“तुमच्या नळीत काहीतरी घरघरतंय,” म्हणाली आणि आमटीला फोडणी द्यायला उठली.

बोटाचं दुखणं खोटं होतं, हे मला तेव्हा कळलं. वयाबरोबर षड्ज खाली आणणं यात काही कमीपणा नाही, सगळेच आणतात. पण आई दुसऱ्या कोणा गायिकेबद्दल “आता काळी तीनला उतरल्यात” असं म्हणायची ना, ते त्या बाईंनी राहतं घर विकल्यासारखं. काळी पाच तिला लहानपणी तिच्या गुरूंनी दिलेली. ती सोडण्यापेक्षा तिने गाणंच सोडलं होतं.

तारा बदलायच्या म्हणून बाबा तानपुरा वाद्यांच्या दुकानात घेऊन गेले. येताना तिथेच तानपुरा वाजवून भरून घेतलेली नवी कॅसेट आणि नवा पाईप घेऊन आले. दोन रविवार बाल्कनीत करवत चालली. मग त्यांनी आईला बोलावलं आणि टेप लावला.

आईने क्षणात ओळखलं. “ही काळी पाच नाही.”

“नाही. काळी तीन आहे.”

“का?”

“कापताना चुकलो,” बाबा नळीकडे बघत म्हणाले. “नळी लांब झाली. आता ती याच सुरात बोलते. म्हणून तानपुराही उतरवून आणावा लागला.”

इतकं कच्चं खोटं मी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. आखूड झालेली नळी लांब होत नाही, पण लांब झालेली कापता येते. करवत अजून बाल्कनीतच पडली होती. समोरची बाई गणिताची शिक्षिका. एरवी तिने “मग कापा की!” म्हणून पुढे आणखी चार वाक्यं सुनावली असती. मी त्या वाक्यांची वाट बघत राहिले.

आईने नळीकडे पाहिलं. मग बाबांकडे पाहिलं, बराच वेळ.

“इतकी वर्षं मोजमापं करताय...” ती म्हणाली, “आता तुमच्या नळीपायी मला खाली यावं लागणार.”

“हो,” बाबा म्हणाले. “माझ्यामुळे.”

ती सतरंजीवर बसली. त्या संध्याकाळी तार षड्ज लागला, भरून लागला आणि टिकला. बाबा खिडकीकडे तोंड करून उगाचच चष्मा पुसत राहिले.

त्यानंतर आई कितीतरी वर्षं गायली. बोटाचं नाव कोणी काढलं नाही. मला वाटायचं, बाबांचं ते चुकणं तिला खरंच खरं वाटलं असेल का? माणूस स्वतःच्या सोयीचं खरं मानतो, आपण कशाला बोला.

ती निवृत्त झाली त्या वर्षी एका संध्याकाळी गाता गाता मध्येच थांबली. बाबा पेपर वाचत होते. आई तानपुऱ्याचा टेप बंद करून त्यांच्याकडे न बघता म्हणाली, “अहो, ती नळी अजून थोडी चुकेल का?”

बाबांनी पेपराची घडी केली.

“चुकेल की,” ते म्हणाले. “उद्या रविवारच आहे.”