डाव्या खांद्यावरचा पट्टा

सकाळी सहा ते दुपारी एक, गळ्यात किलोभर वजनाची दुर्बीण अडकवून दगडू झोरे वाळूच्या टेकड्यांवर उभा राहायचा. असे बावीस हिवाळे गेले. अबू धाबीहून अल ऐनकडे जाताना आत वाळवंटात त्याच्या अरबाबाचं, म्हणजे मालकाचं, फार्म होतं. तिथे ससाणे पाळलेले. हंगामात परवाना असलेल्या राखीव रानात अरबाब ते घेऊन जायचा आणि हुबाऱ्यावर सोडायचा. हुबारा म्हणजे आपल्या माळढोकाच्या कुळातला पक्षी. ससाणा त्याच्या मागे लागला की दोघंही बघता बघता दोन-तीन किलोमीटर निघून जातात. ससाण्याच्या शेपटीला ट्रान्समीटर असतो, तो कुठे उतरला हे मशीन सांगतं. पण शिकारीवर बसलाय की मार खाऊन पडलाय, हे डोळ्यांनीच बघावं लागतं. ते डोळे दगडूचे.

दगडू पाटण तालुक्यातला. लहानपणी समोरच्या कड्यावर चरणाऱ्या म्हशींत आपली कुठली, हे तो अलीकडच्या डोंगरधारेवर बसून ओळखायचा. इथे तो आला बांधकामावर. एकदा फार्मवर भिंत बांधताना अरबाबाचा हरवलेला ससाणा त्यालाच आधी दिसला आणि त्याचं नशीब फिरलं. विटा सुटल्या, दुर्बीण आली.

आता वय अठ्ठावन्न. दोन वर्षांपासून मान धरायची. डावा हात कोपरापर्यंत बधिर व्हायचा. क्लिनिकमधल्या डॉक्टरनं सांगितलं, गळ्यात वजन घ्यायचं नाही. दगडूनं मग दुर्बीण हातात धरून बघितली, तर हात भरून आले. शेवटी ड्रायव्हर झुबेरनंच अरबाबाच्या कानावर घातलं. अरबाब म्हणाला, "छाती पे बांधने का हार्नेस मिलता है. उसको दुकान ले जाओ. अच्छा वाला लेना."

शिकारीच्या सामानाचं ते दुकान खलिफा सिटीच्या अलीकडे होतं. काउंटरवर राजन तळवडेकर होते. मूळचे गिरगावचे, बायको शोभनासह वीस वर्षं अबू धाबीत. शिकारीचं सामान विकण्यात आयुष्य गेलं, पण स्वतः साधी कोंबडीही मारलेली नाही. दगडूनं झुबेरला "मान लई दुखती, बोल ना इनको" असं अर्धं मराठीत सांगितलं आणि राजननी मान वर केली.

"मराठी का? कुठले?"

"पाटणचा, सायेब."

"मग हिंदीत कशाला त्रास घेताय? बसा आधी."

झुबेर गाडीत जाऊन झोपला. राजननी चार हार्नेस काउंटरवर मांडले. पहिला साधा, नुसत्या इलॅस्टिकच्या पट्ट्यांचा. दोन्ही खांद्यांवरून पट्टे, पाठीवर फुली, पुढे दुर्बीण लटकलेली. लोड मानेवरून खांद्यांवर जातो, पण वाकलं की दुर्बीण पुढे झुलते. दुसरा पेटीचा, छातीवर बंद खण. झाकण चिकटपट्टीचं. दगडूनं ते उघडलं तसा चर्र आवाज झाला.

"हे नको. ह्या आवाजानं ससाणा हातावर फडफडतो. अरबाब मला फाडून खाईल."

तिसऱ्याला चेन होती. दगडूनं बोटानंच नकार दिला. वाळूत चेन चार दिवस टिकत नाही, आणि पक्षी उडाल्यावर दोन हातांनी चेन ओढत बसायला वेळ कुणाला असतो?

"मग हा घ्या," राजन म्हणाले. "आमचा टॉपचा पीस. झाकणाला मॅग्नेट. एका बोटानं उघडतं, आपोआप मिटतं, आवाज शून्य. पाठीला जाळी आहे, घाम धरत नाही."

दगडूनं चढवला. झाकण उघडलं, दुर्बीण डोळ्याला लावली, परत ठेवली. पुन्हा एकदा. मानेवर काहीच नव्हतं. वजन आहे की नाही तेच त्याला कळेना. तो दुकानाच्या दारापर्यंत चालत गेला आणि परत आला. चेहऱ्यावर हसू होतं.

"ह्योच द्या."

राजननी सवयीप्रमाणे खोक्यावरची सूचना वाचली. "एक नियम म्हणून सांगतो हं, सगळ्यांनाच सांगतो. पेसमेकर असेल तर हा छातीशी वापरायचा नाही. मॅग्नेटनं त्यात गडबड होते."

दगडूनं हळूच बकल सोडलं, हार्नेस काढून काउंटरवर ठेवला आणि तो दोन पावलं मागे सरला.

"दगडूभाऊ?"

दगडूनं दाराकडे बघितलं. झुबेर गाडीतच होता. मग त्यानं सदऱ्याची दोन बटणं काढली. डाव्या खांद्याच्या हाडाखाली काडेपेटीएवढा उंचवटा होता, त्यावर आडवा वण.

"जूनमधी सुट्टीवर गेलो तवा कऱ्हाडला बसवलं. चक्कर येऊन पडलो हुतो. इथं कुणालाच ठाऊक न्हाई."

"अहो, मग तुम्ही टेकड्या चढताय?"

"चढतोय की."

राजन काउंटरच्या बाहेर आले. त्यांचेही गुडघे गेलेले, स्टूल ओढून दगडूसमोर बसले. पहिला, साध्या पट्ट्यांचा हार्नेस घेतला. डावा पट्टा बरोबर त्या उंचवट्यावर येत होता आणि इलॅस्टिक तिथे कचत होतं. राजननी तो पट्टा सोडवला, काखेखालून घेतला, कमरेला वेगळा बेल्ट जोडला. सगळा भार उजव्या खांद्यावर आणि कमरेवर. दगडू वाकला, बसला, उठला, दुर्बीण वर केली. राजन पट्टा दोन बोटं सैल करायचे, पुन्हा आवळायचे. तासभर हेच चाललं. मधे दोन गिऱ्हाइकं आली, त्यांना दुसऱ्या सेल्समननं पाहिलं.

"जरा वाकडं दिसतंय, पण चालेल," राजन म्हणाले. "आता एक सांगू? मालकाला सांगून टाका."

"सांगितलं तर घरी पाठवतील."

"आणि नाही सांगितलंत, आणि तिकडे वाळवंटात पडलात तर?"

"तर बी घरीच पाठवतील, सायेब."

राजननी चहा मागवला.

वाकड्या हार्नेसनं काम भागलं. पहिल्या आठवड्यातच बोटांत जाग आली. टेकडी चढताना मात्र दम लागायचा, तो लागतच होता. वर पोहोचलं की दगडू उगाचच दुर्बिणीची काच पुसत उभा राहायचा, म्हणजे श्वास खाली बसायला वेळ मिळे.

जानेवारीतल्या एका सकाळी अरबाब हातावर ससाणा घेऊन त्याच्याजवळ आला. दगडूच्या अंगावरचा तो एका बाजूला झुकलेला पट्टा त्यानं बघितला आणि त्याला हसू आलं. "क्या पहना है, हबीबी? ऐसा नहीं," म्हणत त्यानं मोकळ्या हातानं काखेखालचा पट्टा ओढला आणि डाव्या खांद्यावर चढवायला लागला.

दगडूनं त्याचा हात धरला.

बावीस वर्षांत अरबाबाचा हात कुणी धरला नव्हता. ससाणा फडफडला. झुबेर गाडीजवळून बघतच राहिला. दगडूलाही आपण काय केलं ते हात धरल्यावर कळलं, पण हात सोडला तर पट्टा त्या उंचवट्यावर बसणार होता. त्यानं दुसऱ्या हातानं सदरा बाजूला केला.

"दिल में मशीन है, अरबाब. जून से."

अरबाबानं वण बघितला. मग टेकडीकडे, मग परत वणाकडे. "मेरे को नहीं बोला," तो म्हणाला. थोड्या वेळानं पुन्हा तेच म्हणाला. ससाण्याच्या डोक्यावर डोळे झाकणारी टोपी घातली. "खलास. आज बस."

गाडी फार्मकडे निघाली. दगडूनं मनात बॅग भरायला घेतली होती. कुठली चादर न्यायची, कुठली टाकायची, इथपर्यंत विचार पोहोचला. हे सगळं करायचाही त्याला कंटाळा आला होता.

दुसऱ्या दिवशी झुबेर त्याला अल ऐनच्या इस्पितळात घेऊन गेला. मशीन ठीक चाललं होतं. डॉक्टर म्हणाले, चालणं चालेल, वाळूत धावणं-चढणं नको. अरबाबानं तो कागद स्वतः वाचला आणि निकाल दिला. टेकडीवर यापुढे झुबेर जाईल. दगडूनं फार्मवर ससाण्यांचं बघायचं. त्यांचं वजन, त्यांचं खाणं. राहायचं असेल तोवर राहा.

त्या आठवड्यात दगडूनं झुबेरला बघायला शिकवलं. "पक्षी के पीछे मत भाग. आगे देख, किधर जायेगा." झुबेरला पहिले दोन दिवस काहीच दिसेना. तिसऱ्या दिवशी त्याला ससाणा खाली बसलेला दिसला आणि तो वेड्यासारखा ओरडला. दगडू खाली गाडीत बसून होता. त्याला आधीच, नुसत्या डोळ्यांनी, दिसला होता.

आता तो सकाळी लावा पक्ष्यांचं मांस बारीक कापतो. एकेका ससाण्याला तराजूच्या दांडीवर उभा करून वजन घेतो, पाटीवर लिहितो. दहापर्यंत काम संपतं. गाड्या परत येईपर्यंत करायला काहीच नसतं. मग तो सावलीत पडून राहतो.

शुक्रवारी बायकोचा, नर्मदेचा, फोन येतो. परवा तिनं विचारलं, "करमतंय का तितं?"

"न्हाई," दगडू म्हणाला. "पण झोप लागती."

"मग या की घरी. झोपायला इथं बी जागा हाय."

"हंगाम सरू दे," तो म्हणाला. हंगाम मार्च लागला की सरायचा आणि मार्चला अजून पाच आठवडे होते.