डाकबाबूंचा पाचवा खंड

देवळीच्या आमच्या वाचनालयात वाद घालायचा, तर डाकबाबूंचा नियम पाळावा लागे. आधी समोरच्याचे म्हणणे आपल्या तोंडाने मांडायचे. तो ‘हो, हेच’ म्हणाला, की मगच आपले मत. या निवृत्त पोस्टमनला मी एकदा कारण विचारले. ते म्हणाले, “पत्र पोचल्याबिगर उत्तर लिवते काय कोनी, गुरुजी?” मी आयुष्यभर मुलांना निबंध शिकवला, इतका सोपा धडा मला कधी सुचला नव्हता.

आमचा मोठा वाद एका पाच खंडांच्या अद्भुतरम्य कादंबरीवरून झाला. निम्मे वाचक डाकबाबूंच्या बाजूचे, निम्मे माझ्या. तिसऱ्या खंडात नायिका दीडशे पाने नुसती मिठाच्या वाळवंटातून चालते, हा माझा मुख्य आक्षेप. डाकबाबूंना नेमका तोच भाग प्रिय होता.

“सायकल पंक्चर झाली का मी उनात चालत जावो. रस्ता असाच राह्यते. काई घडत नाई, अन् मानूस बदलून जाते.”

शेवटचा, पाचवा खंड बाजारात आला, तेव्हा छातीच्या दुखण्याने ते दवाखान्यात होते. ग्रंथनिवड समितीच्या सभेत मी लेखनदोष क्रमवार सांगितले आणि तो खंड मागवू नये, असे ठरले. डाकबाबूंची बाजू मी मांडली नाही. समितीत ती मांडणारे दुसरे कोणी नव्हते.

बरे वाटू लागल्यावर ते वाचनालयात आले. निर्णय त्यांनी शांतपणे ऐकला.

“माह्यं म्हननं सांगतलं होतं काय?”

मी नाही म्हणालो. त्यांनी चष्मा पुसला आणि वर्तमानपत्र उघडले.

पुढे दुखणे उलटले आणि ते सिंदी मेघेला मुलीकडे राहायला गेले. मी वर्ध्याहून पाचवा खंड विकत आणला आणि रोज दुपारी त्यांच्या खाटेजवळ बसून मोठ्याने वाचू लागलो. लांबलेल्या वर्णनाशी माझा आवाज घाईवर आला, की ते डोळे मिटूनच म्हणत, “गुरुजी, पानं गाळू नका.” चाळीसेक पाने उरली असताना त्यांनी हात वर केला. दम लागला होता. “आता उद्या येजा.”

दुसऱ्या दिवशी मी पोहोचलो, तेव्हा अंगणात माणसे जमली होती.

उरलेली पाने मी घरी वाचली. मोठ्याने वाचली; एकही गाळले नाही. तिसरा खंड लांबला आहे, हे माझे मत आजही कायम आहे. पुढच्या रविवारी वाचनालयाच्या बैठकीत संपूर्ण कादंबरीवर बोलायला मी उभा राहिलो. रिवाजाप्रमाणे आधी डाकबाबूंचे म्हणणे मांडले: वाळवंट, ऊन, सायकल, सारे काही. मग सवयीने थांबलो.

‘हो, हेच’ म्हणणारे कोणी नव्हते. माझे मत न मांडताच मी खाली बसलो.