सातमजली आप्पा

आप्पा आचारी भुकेल्या माणसांना ताटावर बसवून ठेवायचे. दिल्लीतल्या धर्मशाळेच्या ओसरीवर आमची पंगत बसलेली असायची. दिवसभर पायपीट झालेली, पोटात कावळे ओरडत असायचे, समोर भाकरी आणि वांग्याची भाजी वाढलेली असायची, आणि आप्पा आमटीच्या पातेल्यात ओगराळं बुडवून तसेच उभे राहायचे. बाहेर काढायचे नाहीत.

"आधी सांगा, काय काय बघितलासा. मग वाढतो."

कुणी "बघितलं आप्पा, झकास होतं" असं म्हणून सुटायला गेला की त्याच्या ताटात वरचं पाणी पडायचं. जो नीट सांगेल, कुठून आत शिरलो, पायाखाली काय होतं, डोक्यावर काय होतं, हवा कशी होती, त्याला तळातली दाट आमटी मिळायची. त्यामुळे आमचे काही लोक दुपारपासूनच रात्रीच्या तयारीला लागत. आमच्या शाळेच्या कारकुनांनी एकदा लाल किल्ल्यातल्या संगमरवरी पाटातून बादशहाच्या घरातनं पाणी कसं वाहायचं ते इतकं रंगवून सांगितलं, की आप्पांनी त्यांना तीनदा वाढलं आणि वर विचारलं, "आनि भांडी त्याच पान्यात धूत व्हती का वो?"

मी निपाणीच्या एका हायस्कुलात इतिहास शिकवायचो. सत्तर-ऐंशीच्या त्या काळात दर दिवाळीच्या सुट्टीत मी शिक्षक आणि गावातली हौशी मंडळी जमवून दिल्लीची सहल काढत असे. निपाणीहून एस.टी.नं मिरज, तिथून रेल्वे. आप्पा पहिल्या सहलीपासून बरोबर. त्यांचं सामान आमच्या सगळ्यांच्या सामानाएवढं. रॉकेलचे स्टोव्ह, पातेली, लोखंडी तवा, जोंधळ्याच्या पिठाचं पोतं आणि चटणीचा पत्र्याचा डबा. या डब्यावर ते गाडीत डोकं ठेवून झोपत. "पीठ गेलं तर दिल्लीत मिळंल, पर ही चटणी न्हाय मिळायची," असं त्यांचं म्हणणं.

इतक्या वेळा दिल्लीला जाऊन त्यांनी दिल्ली मात्र पाहिलेली नव्हती. धर्मशाळेचा नळ भलत्या वेळी यायचा, पाणी भरून ठेवावं लागे. सामान सोडून जाता येत नसे. आम्ही सकाळी खाऊन बाहेर पडायचो, तोवर त्यांची संध्याकाळची भाजी चिरायची वेळ. दरवर्षी परतीच्या गाडीत मी म्हणायचो, "आप्पा, पुढच्या खेपेला तुम्हाला नक्की फिरवतो." ते म्हणायचे, "फिरवा की." आणि पुढच्या खेपेला पुन्हा स्टोव्ह पेटायचे.

म्हणून ते आमच्याकडून दिल्ली गोळा करत, आणि ती निपाणीत आणून वाटत. तंबाखूच्या वखारीसमोर त्यांच्या गल्लीचा कट्टा होता. वखारीतून सुटलेल्या बाया, विडी वळणारी मंडळी आणि शेजारपाजारचे म्हातारे त्या कट्ट्यावर जमत. आप्पा तिथं बसून सांगत. त्यांची मापं त्यांचीच असत. संसद भवन म्हणजे पालथी घातलेली परात, "पर परात एवढी, की तिच्यात आख्ख्या निपाणीचं पीठ मळून व्हईल." राष्ट्रपती भवनाचा घुमट म्हणजे फुगलेली पुरी. कुतुबमिनारच्या आवारातल्या लोखंडी खांबाला पाठ लावून दोन्ही हात मागं नेऊन जुळवायचे, ज्याचे जुळतील त्याचं नशीब उघडलं, हे त्यांनी आमच्याकडून ऐकलं आणि गल्लीतल्या विजेच्या खांबावर प्रयोगच सुरू केला. एक विजार शिवणारा शिंपी त्या खांबाला उलटा चिकटून "जुळलं गं, जुळलं!" म्हणून बायकोला ओरडत होता, ते मी स्वतः पाहिलं आहे.

ऐकणाऱ्यांना वाटायचं, हा माणूस सगळं डोळ्यांनी बघून आलाय. आप्पांनी तसा दावा कधी केला नाही. पण "मी बघितलं न्हाय" असंही कुणी विचारल्याशिवाय सांगितलं नाही. आणि विचारणार कोण?

आता सात मजल्यांचं सांगतो. त्यासाठीच हे लिहायला घेतलं आहे.

एका संध्याकाळी पंगतीत माझी पाळी आली. कुतुबमिनार पाहून आलो होतो. खरं तर मी तो नीट पाहिलाही नव्हता. आमच्यातल्या एका बाईंची चप्पल तुटली होती, तिच्या भानगडीत मी झाडाखाली बसून होतो. आप्पांनी विचारलं, "मास्तर, मजलं किती त्येला?"

मला भूक लागली होती. मी म्हणालो, "सात."

"सात!" त्यांनी ओगराळं वर काढलं. चांगलं दाट होतं.

बाकीच्यांनी माझ्याकडे पाहिलं असेल, नसेल. इतिहासाचा शिक्षक सांगतोय म्हटल्यावर कोण बोलणार? मीही भाकरी चुरली आणि विसरून गेलो. आप्पा विसरले नाहीत. निपाणीच्या कट्ट्यावर तो मिनार असा उभा राहिला: "ही आपली वखार हाय न्हवं? हिच्यावर दुसरी ठेवा. तिच्यावर तिसरी. अशा सात. आनि वर गेलं की बारीक बारीक होत जातंय, उसासारखं."

पुढे एका लग्नात आप्पांकडे स्वयंपाक होता, मीही जेवायला गेलो होतो. नवऱ्या मुलीचा मामा बेळगावच्या कॅम्पात हवालदार, नुकताच दिल्लीची बदली संपवून आलेला. जेवणं उरकल्यावर मांडवात पानसुपारी चालली होती, आणि कुणीतरी आप्पांना आग्रह केला, "आप्पा, कुतुबमिनार सांगा की." आप्पांनी पदराला, म्हणजे कमरेच्या पंच्याला, हात पुसले आणि वखारीवर वखार चढवायला सुरुवात केली.

सातव्या वखारीला हवालदार हसला. "किती म्हनलासा?"

"सात."

"कवा मोजलं?"

"मोजायला कशाला पायजे? सात हायत."

"अवो आप्पा, दर रईवारी पोरास्नी घिऊन जात हुतो मी. पाच हायत. कुनी बांधलं वरचं दोन? तुमी?"

मांडव हसला. आप्पाही थोडे हसले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात तक्रार नव्हती. माणूस दुकानात पिशवी उघडून दाखवतो ना, की बघा, तुमच्याकडनंच नेलं होतं, तसं होतं ते.

हवालदारानंही पाहिलं. "हे बघा, मास्तरच बसल्यात. इतिहासाचे हायत. सांगा मास्तर, आप्पा मिनार बघायला आलते का कवा?"

समोर माझ्या विद्यार्थ्यांचे आईबाप बसले होते. पुढच्या सहलीची नावंही त्यांच्यातूनच यायची होती. मी मान हलवली आणि म्हणालो, "आप्पा धर्मशाळेतच असतात. स्वयंपाकाला." हे खरं होतं. खऱ्यानंच मी त्यांना बुडवलं. मजल्यांबद्दल मी बोललोच नाही.

त्या दिवसापासून ते 'सातमजली आप्पा' झाले. गल्लीत कुणी फुशारकी मारली की "सातमजली सोडू नको रं" म्हणायचे. आप्पांच्या धंद्याला काही झालं नाही. लग्नाची बोलावणी तशीच येत राहिली, आणि त्या नावाला ते हसून 'ओ' देत. पण कट्ट्यावर बसायचं त्यांनी सोडलं. पुढच्या दिवाळीत दिल्लीच्या धर्मशाळेत आम्ही दमून पंगतीला बसलो, आणि आप्पा ओगराळ्यानं सरळ वाढत गेले. काही विचारलं नाही. सगळ्यांना सारखी आमटी. शाळेचे कारकून बिचारे तयारी करून आले होते. ते म्हणाले, "आप्पा, आज काय बघितलं विचारणार नाही?"

"जेवा, गार हुतंय," आप्पा म्हणाले.

आमटी नेहमीचीच असणार. मला मात्र ती उतरेना. दुसऱ्या दिवशी सकाळी मी जाहीर केलं, आज स्टोव्ह पेटणार नाहीत. हलवायाची पुरी-भाजी खायची, सामानाजवळ कारकून थांबतील, आप्पा आमच्याबरोबर येतील. कारकून आनंदानं थांबले, त्यांचे पाय सुजले होते. आप्पा कुरकुरले, मग आत गेले आणि लग्नाकार्यात घालायचा काळा कोट घालून, टोपी झटकून बाहेर आले. पिशवीत चटणीची पुडी होती. हलवायाच्या भाजीवर त्यांचा विश्वास नव्हता.

त्यांच्याबरोबर दिल्ली पाहणं ही मजा होती. संसद भवनासमोर ते बराच वेळ उभे राहिले. "परातच हाय," ते समाधानानं म्हणाले, "पर मी सांगत हुतो त्यापरीस बारकी." राष्ट्रपती भवनाच्या फाटकाबाहेरून त्यांनी घुमट पाहिला आणि पहारेकऱ्याला आमच्या भागातल्या हिंदीत विचारलं, "भाईसाब, मुदपाकखाना किदर हाय?" पहारेकरी हलला नाही. "आत किती मान्सं जेवत असतील हो मास्तर? पंगत एकदम उठती का पाळीपाळीनं?" संग्रहालयात सगळे मूर्तींसमोर रेंगाळले. आप्पा हजारो वर्षांपूर्वीच्या मातीच्या भांड्यांसमोर. एका मडक्याकडे बोट दाखवून मला म्हणाले, "ह्याचं काठ बघा. वाढताना वघळ येत असनार. आमच्या आईकडं असंच हुतं, आई रोज शिव्या द्यायची." आणि मग खुशीत हसले, जणू त्या काळातल्या कुणा बाईशी त्यांची ओळख निघाली होती.

शेवटी कुतुबमिनार. ऊन कलतं होतं. आप्पांनी टोपी हातात घेतली, मान मागं टाकली आणि बोटानं हवेत एकेक सज्जा मोजला. मी शेजारी उभा होतो. पुन्हा एकदा मोजलं. मग त्यांनी टोपी घातली.

"मास्तर," ते म्हणाले, "खालचं दोन जमिनीत गेलं असतील. लई जुनं हाय न्हवं."

 त्यांनीच माझ्या दंडाला धरून लोखंडी खांबाकडे नेलं. कोट काढून माझ्याकडे दिला, खांबाला पाठ लावली आणि हात मागं नेले. "धरा बोटं, ओढा." मी मागं जाऊन त्यांची बोटं धरली. आयुष्यभर तव्याशी राहून ती राठ झालेली. ओढली, पण जुळेनात.

"जुळलं?"

"जुळलं," माझ्या तोंडून निघून गेलं.

"मास्तर, खरं सांगा."

"दोन बोटं राहिली, आप्पा."

ते इतके मोठ्यानं हसले की चार अनोळखी माणसंही हसली. "आसू दे. शिंप्याचं जुळलंय, गल्लीला तेवढं बास."

त्या संध्याकाळी त्यांनी धर्मशाळेत येऊन हट्टानं एक स्टोव्ह पेटवला, नुसती आमटी केली आणि ओगराळं बुडवून उभे राहिले. सगळं त्यांनी स्वतः पाहिलेलं, तरी प्रत्येकाला विचारलं. सगळ्यात आधी कारकुनांना, "दिसभर खोलीत काय बघितलासा?"

निपाणीला परतल्यावर कट्टा पुन्हा भरला. मी मुद्दाम गेलो होतो. आप्पा आता पाच सांगतील, मग सात कुणी सांगितले ते निघेल, आणि निघालं तर निघू दे, असं ठरवून गेलो होतो. एका म्हाताऱ्यानं खवचटपणे विचारलंच, "काय आप्पा, औंदा स्वतः बघून आलासा म्हणं. मग, मजलं किती?"

"सात," आप्पा म्हणाले. "मोजून आलोय."

कट्टा खदखदून हसला. आप्पाही. घरी जाताना मी त्यांना गल्लीच्या तोंडाशी गाठलं. "आप्पा, असं का सांगितलंत?"

"त्येचं काय हाय मास्तर, तुमच्याकडं पोरं शिकत्यात. माझ्याकडं नुस्ती जेवत्यात. मी सात म्हटलं म्हनून आमटी नासत न्हाय." आणि पुढं, "तुमी पुढच्या साली नळाचं तेवढं बघा. पानी लई येळानं येतंय."

मी नळाचं पाहिलं. दुसरं काही केलं नाही. त्यानंतर काही वर्षं आम्ही दिल्लीला गेलो, आप्पा दरवेळी एक दिवस फिरायला यायचे, पंगतीत विचारायचे, कट्ट्यावर सांगायचे. सुखाची वर्षं होती ती, माझी आणि त्यांचीही. म्हणूनच कदाचित बोलायचं राहून गेलं. चाललं होतं सगळं. मग गुडघ्यांनी त्यांना बसवलं, आणि एका उन्हाळ्यात दोन दिवसांच्या तापानं ते गेले. तिसऱ्या दिवशी माती सावडायला गेलेल्या मंडळीत कुणीतरी प्रेमानंच म्हणालं, "चला, सातमजली गेलं." मी तिथंही होतो.

त्यांची नात बेळगावात असते, बँकेत नोकरीला. गेल्या महिन्यात तिनं मला जेवायला बोलावलं. मुलांना घेऊन दिल्लीला जाऊन आली होती. ताट वाढता वाढता हसून म्हणाली, "सर, आजोबा किती थापा मारायचे ना! मी मुद्दाम मोजले. पाचच आहेत."

मी म्हणालो, "थापा नव्हत्या. सात मी सांगितले होते."

तिच्या हातात आमटीचं ओगराळं होतं. पातेल्यावर तसंच थांबलं.

"म्हणजे?" ती म्हणाली. "सांगा बघू नीट."

भाकरी समोर होती, भूकही लागली होती. मी धर्मशाळेच्या ओसरीपासून सुरुवात केली आणि काही न वगळता सगळं सांगितलं, चप्पल तुटलेल्या बाईंपासून त्या दोन बोटांपर्यंत. ती एका जागी उभी राहून ऐकत होती. माझं संपल्यावर तिनं ओगराळं तळापर्यंत घातलं आणि मला वाढलं.