मामंजींच्या वहाणा मी गप्प केल्या तेव्हा

सासऱ्यांच्या वहाणांचा आवाज मी एकदा काढून टाकला होता. कात्रीने नाही, रीतसर कारागिराकडे नेऊन. हे सांगितलं तेव्हा नात म्हणाली, "आजी, म्हणजे सायलेंटवर टाकल्या?" तसंच म्हणायचं. फक्त मोबाईल परत वाजता करायला एक बोट पुरतं. मला अख्खी अब्रू लागली.

आता नातवंडांच्या बुटांत दिवे लागतात, तशा त्या काळी वहाणा वाजत असत. तळाला चामड्याचे थर असतात. शिवताना दोन थरांच्या मधे कसल्याशा बिया घालायच्या, की पाऊल पडलं रे पडलं, करकर सुरू. आवाज मोठा तर माणूस मोठा, असा हिशेब. मामंजींच्या वहाणा तर अशा करकरायच्या, की ते शेवगावहून वस्तीकडे वळले, तेव्हाच घरात सगळ्यांना कळायचं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, तोंडातली मिश्री थुंकून चूळ भरायच्या. नणंद रेडिओ बंद करून पुस्तक उघडायची, पुष्कळदा उलटं. मी डोक्यावर पदर ओढायची. मामंजी दारात येईपर्यंत घर देवघरासारखं शांत.

इतका उपयोगी आवाज. तो मला नको झाला, कारण तो पहाटेही व्हायचा. मामंजी साडेचारला विहिरीवर मोटर चालू करायला निघत, आणि त्यांच्या वहाणा वाजल्या की सुनेने उठायचं, हा त्या घरचा कायदा. मी माहेरी आठला उठणारी. लग्नाला तीन महिने झालेले, डोळ्यांखाली काजळ न घालताच काजळ. त्यात मी दहावी पास, वर भरतकामाचा क्लास केलेली, म्हणजे अक्कल जरा जास्तच. रोग वहाणांत आहे तर औषधही तिथंच करावं, असं ठरवून मी त्यांना गुपचूप एरंडेल पाजलं. चामडं मऊ झालं आणि आवाज आणखी खुलला.

मग एके दिवशी एका वहाणेचा अंगठा तुटला. मामंजी अंगात कणकण म्हणून घरीच होते. आत्याबाईंनी वहाणा माझ्या हातात दिल्या आणि बाजारातून येताना शिवून आण म्हणाल्या. मला तर देवच पावला.

एसटी स्टँडजवळच्या लिंबाखाली एक म्हातारे बाबा बसायचे. या वहाणा त्यांनीच केलेल्या. आमच्या घरातल्या प्रत्येक पायाचं माप त्यांना तोंडपाठ होतं. माझ्या पायाकडे तर मी नवरी म्हणून उतरले तेव्हाच बघून ठेवलं होतं म्हणे. त्यांनी अंगठा शिवला. मी म्हटलं, आता आवाजही काढा. त्यांची आरी थांबली. लोक आवाज घालून घ्यायला येतात, काढायला आजवर कुणी आलं नाही, असं काहीतरी पुटपुटले. मामंजींना सगळी वस्ती आबा म्हणायची; त्यांनीही मला विचारलं, "आबांनी सांगितलंय का?"

"व्हय, त्यांनीच सांगितलंय," मी म्हटलं. इतकं सहज, की माझं मलाच कौतुक वाटलं.

त्यांनी वहाणा मांडीवर पालथ्या घेतल्या. रापीने कडेचे टाके उसवले, बिया काढल्या, पुन्हा शिवून दिलं. शिवताना मात्र एकदाही माझ्याकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी साडेसहाला उठले. काय झोप होती ती, अजून आठवते. आत्याबाईंना वाटलं गोड बातमी आहे. त्यांनी मला चक्क लिंबाचं लोणचं वाढलं. मी तेही खाल्लं.

संध्याकाळी आत्याबाई ओट्यावर शेजारणीबरोबर मिश्री लावत बसल्या होत्या. रेडिओवर गाणी चालली होती. आणि मी मामंजींच्या खुर्चीत, स्टुलावर पाय टाकून, नणंदेला मामंजींचा खोकला करून दाखवत होते. दोनदा खाकरायचं, मग "पाणी आणा" म्हणायचं. नणंद हसता हसता एकदम थांबली. मला वाटलं, नक्कल जमली नाही, म्हणून मी आणखी जोरात खाकरले. मागच्या दारातून खरे मामंजी म्हणाले, "आणा."

दिवसभर त्यांना काहीतरी चुकल्यासारखं वाटत असावं. त्यांनी पाणी पिलं, स्वतःच्या पायांकडे पाहिलं. एक पाय आपटला, मग दुसरा. मला वाटलं आता माझी पाळी. पण ते ओट्यावरून धावत आलेल्या आत्याबाईंना म्हणाले, "म्हाताऱ्याचा हात गेला. अंगठा शिवायला दिला तर वहाणच मुकी करून पाठवली. उद्या जाऊन विचारतो, अन् हितनं पुढं घरातलं सगळं काम दुसरीकडं."

रागवायचे ते मला रागवले असते तर एक वेळ चाललं असतं. पण त्या बाबांच्या हाताला नाव ठेवलं जाणार होतं, तेही भर बाजारात, आणि मामंजींनी नाव ठेवलं की निम्मी वस्ती तेच म्हणणार. तेव्हाच बोलायला हवं होतं. मी भाकरी थापत राहिले. इतक्या थापल्या, की सकाळी बैलांना घालाव्या लागल्या.

सकाळी मामंजी निघाले तसा मी माझ्या चपलेचा अंगठा स्वतःच्या हाताने तोडला आणि म्हटलं, माझीही शिवायची हाय, मीपण येते. रस्ताभर मामंजी पुढे मुके, आणि मी दहा पावलं मागे, फटक-फटक करत.

लिंबाखाली गर्दी होती. बाबांनी आधी माझीच चप्पल हातात घेतली, अंगठ्याची फाटलेली कड बोटाने चाचपली आणि मला ऐकू येईल इतपतच म्हणाले, "ही तुटली न्हाई सूनबाई, तोडलीय."

तेवढ्यात मामंजींनी वहाणा पुढे ठेवल्या आणि चारचौघांत विचारलं, की आता दिसत नाही का, हात कापतो का, काय झालंय. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता सांगणार. ते म्हणाले, "चुकलं आबा. टाका सैल पडला आसंल. बिया गळाल्या."

टाका सैल, आणि त्यांचा! तिथं बसलेल्या दोघांनी एकमेकांकडे बघितलंसुद्धा. मग मात्र माझ्याने राहवलं नाही. मी पदर सावरला आणि एका दमात सगळं बोलून टाकलं: आवाज मी काढायला लावला, तुमचं नाव घेऊन यांना खोटं सांगितलं, यांचा टाका कधी सैल पडत नाही. कशासाठी, असं मामंजींनी विचारलं. खोटं संपलं होतं, म्हणून खरंच सांगितलं, की पहाटे झोपमोड होते.

लिंबाखाली बसलेले सगळे हसले. बाबासुद्धा, पण तोंड पाण्याच्या कुंडीत भिजत घातलेल्या चामड्याकडे वळवून. मामंजी हसले नाहीत. त्यांनी आधी बाबांना हात जोडले, म्हणाले, माझंच चुकलं, न विचारता बोललो. मग पुन्हा बिया घालायला सांगितल्या आणि काम होईपर्यंत तिथंच अनवाणी उभे राहिले.

परत येताना ते करकरत पुढे, मी मागे. ओढ्यापाशी ते थांबले आणि मागे न बघता म्हणाले, "पहाटं वहाणा वाजल्या तरी खुशाल झोप, पोरी, तुझ्या सासूला मी सांगतो. पण पुन्यांदा त्या म्हाताऱ्याला खोटं सांगितलंस, तर मी रोज संध्याकाळी अनवाणी घरी येत जाईन."